ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचे टायर जुळवताना

टायरची बाजू दगडाने चिरली की साध्या गाडीच्या मालकाला फारसा विचार करावा लागत नाही. तो एक नवा टायर घेतो, फार तर दुकानदाराच्या सांगण्यावरून जोडी बदलतो आणि रस्त्याला लागतो. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या गाडीत मात्र हाच साधा व्यवहार महागात पडू शकतो. तिथे चारही चाके शाफ्ट, गिअर आणि क्लच यांच्या साखळीने एकमेकांशी बांधलेली असतात, आणि त्यांतल्या एखाद्या चाकाचा घेर जरासा जरी वेगळा असला तरी त्याची झळ टायरला कमी आणि गाडीच्या पोटातल्या महागड्या भागांना जास्त बसते.

हा लेख अशी गाडी पहिल्यांदाच घेतलेल्यांसाठी आहे. ग्रँड व्हिटारा, हायरायडर, एक्सयूव्ही ७०० यांच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह आवृत्त्यांमुळे आपल्याकडे असे मालक वाढले आहेत. अमेरिकेत किंवा कॅनडात नव्याने राहायला गेलेली आपली अनेक मंडळीही बर्फाच्या धास्तीने पहिलीच गाडी सुबारू, आरएव्ही४ किंवा सीआर-व्ही अशी घेतात, आणि या गाडीला टायरचे वेगळे पथ्य असते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आधी आपल्या गाडीची रचना ओळखा

मागच्या दारावर ‘फोर बाय फोर’ किंवा ‘एडब्ल्यूडी’ (ऑल-व्हील-ड्राइव्ह) लिहिलेले असले तरी आत काय बसवले आहे ते गाडीगणिक वेगळे असते, आणि टायरमधला किती फरक चालेल हे त्यावरच ठरते.

जिप्सी, जिमनी, थार या गाड्यांमध्ये फोर बाय फोर चालकाने स्वतः लावायचे असते. एरवी शक्ती फक्त मागच्या चाकांना जाते. लिव्हर फोर-हायमध्ये टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात आणि दोघांना तंतोतंत एकाच गतीने फिरावे लागते. म्हणूनच कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हाय लावू नये असे सांगतात. अशा गाडीत टायरचा फरक टू-व्हीलमध्ये, म्हणजे शक्ती फक्त मागच्या चाकांना असताना, खपून जातो, मात्र चिखलात किंवा वाळूत फोर-हाय लावून तसेच पक्क्या रस्त्यावर आले की लगेच जाणवतो.

ग्रँड व्हिटारा, हायरायडर किंवा २०१४ मध्ये आलेली डस्टर एडब्ल्यूडी यांची रचना निराळी आहे. या गाड्या मुळात पुढच्या चाकांवर चालतात, आणि मागच्या ॲक्सलपाशी (मागची दोन चाके जोडणाऱ्या दांड्यापाशी) एक कपलिंग असते, म्हणजे तेलात बुडालेल्या पातळ क्लच प्लेटांचा संच. पुढचे चाक घसरू लागले की संगणक या प्लेटा आवळतो आणि मागच्या चाकांना शक्ती पोहोचते. चालकाला यातले काही कळत नाही, आणि मला वाटते नवख्या माणसासाठी खरा धोका इथेच आहे. थारचा मालक लिव्हर हाताने ओढतो, त्यामुळे त्याला निदान आपण काय केले ते ठाऊक असते. इथे कपलिंग केव्हा काम करत होते आणि केव्हा तापत होते याचा पत्ता मालकाला फार उशिरा लागतो.

कायमस्वरूपी चारही चाके ओढणाऱ्या गाड्या हा तिसरा प्रकार. मॅन्युअल गिअरच्या सुबारूंमध्ये मधे एक डिफरेन्शियल, म्हणजे दोन्ही बाजूंना शक्ती देऊन त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरचा संच, असतो आणि त्याला दाट सिलिकॉन द्रव भरलेले व्हिस्कस कपलिंग जोडलेले असते. पुढचा आणि मागचा शाफ्ट सतत वेगवेगळ्या गतीने फिरत राहिले तर हा द्रव तापतो. या प्रकारात सवलत सर्वांत कमी. आरएव्ही४ हायब्रिडसारख्या गाडीत मात्र मागच्या चाकांना स्वतंत्र विजेची मोटर असते आणि पुढून मागे जाणारा शाफ्टच नसतो. तिथे मधल्या कपलिंगचा प्रश्न उद्भवत नाही, तरी ब्रेक आणि स्थिरता सांभाळणारी यंत्रणा चाकांच्या गतीवरच विसंबून असल्यामुळे टायर जुळलेले ठेवावेच लागतात.

फरकाने नेमके काय होते

गाडी वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते, आणि पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. हा फरक पचवण्यासाठी प्रत्येक ॲक्सलमध्ये डिफरेन्शियल असतो, आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये डिफरेन्शियल किंवा कपलिंग असते. हे भाग वळणापुरते काम करतात आणि गाडी सरळ झाली की विसावा घेतात. एका चाकाचा घेर कमी असला तर ते चाक सरळ रस्त्यावरही जास्त फेरे घेते, आणि मग यंत्रणेच्या दृष्टीने गाडी घरापासून मुक्कामापर्यंत एकाच न संपणाऱ्या वळणावर राहते.

आकड्यांत पाहिले तर हे अधिक स्पष्ट होईल. २१५/६० आर १७ या मापाच्या नव्या टायरचा घेर कागदावर सुमारे २,१६७ मिलिमीटर भरतो. म्हणजे एका किलोमीटरला साधारण ४६१ फेरे. याच टायरची नक्षी ३ मिमी झिजली की व्यास ६ मिमीने आणि घेर जवळपास १९ मिमीने कमी होतो, आणि किलोमीटरला सुमारे ४६५ फेरे लागतात. चार फेरे म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण पुढे दोन नवे आणि मागे दोन झिजलेले टायर घेऊन मुंबईहून पुण्याला १५० किलोमीटर आलात तर मागची चाके पुढच्यांपेक्षा सहाशेच्या आसपास फेरे जास्त फिरलेली असतात. हे सहाशे फेरे कुठेतरी जिरावे लागतात. कपलिंग आवळलेले असेल तर ते क्लच प्लेटांच्या घासण्यात जिरतात, त्या घासण्याची उष्णता होते, उष्णतेने तेल जळते आणि जळलेल्या तेलात प्लेटा आणखी झिजतात.

इथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. रेडियल टायरच्या पोटात पोलादी पट्टा असतो, तो नक्षीबरोबर झिजत नाही. त्यामुळे रस्त्यावर प्रत्यक्ष पडणारा फरक कागदी हिशेबापेक्षा काहीसा कमी येतो. म्हणूनच हिशेबाने धोका ओळखावा आणि निर्णय मोजमापावर घ्यावा.

टायरवरचे आकडे वाचणे

२१५/६० आर १७ यातला २१५ हा टायरच्या रुंदीचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो, ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, आणि १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. व्यास काढायचा तर २१५ चे ६० टक्के, म्हणजे १२९, हे दोनदा घ्यायचे, कारण भिंत वरही असते आणि खालीही. त्यात १७ गुणिले २५.४, म्हणजे ४३१.८ मिळवले की ६८९.८ मिमी व्यास येतो, आणि त्याला ३.१४१६ ने गुणले की घेर. हे गणित एकदा स्वतःच्या गाडीच्या आकड्यांवर करून पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि पुढे दुकानात उभे असताना त्याचा फार उपयोग होतो.

एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटचे टायर एकमेकांना चालतील हा समज या गणितापुढे टिकत नाही. २०२० मध्ये आलेल्या थारला वरच्या व्हेरियंटमध्ये २५५/६५ आर १८ आणि खालच्या व्हेरियंटमध्ये २४५/७५ आर १६ असे टायर होते. पहिल्याचा व्यास ७८८.७ मिमी, दुसऱ्याचा ७७३.९. घेरात साडेचार सेंटीमीटरहून जास्त फरक, जवळपास दोन टक्के. आरएव्ही४ च्या एका पिढीत कंपनीनेच २२५/६५ आर १७ आणि २३५/५५ आर १९ अशी दोन्ही मापे दिली, आणि त्यांच्या घेरात पाच सेंटीमीटरहून जास्त तफावत आहे. चारही चाकांना एकच माप असेल तर दोन्ही संच आपापल्या जागी योग्यच आहेत. भंगारवाल्याकडून ‘याच गाडीचे आहे’ म्हणून एखादे चाक आणून बाकीच्या तिघांबरोबर बसवले तर मात्र गडबड होते.

याच्या उलट उदाहरणही पाहण्यासारखे आहे. बीएमडब्ल्यू एक्स५ च्या काही आवृत्त्यांमध्ये पुढे २७५/४० आर २० आणि मागे ३१५/३५ आर २० असे टायर असतात. आकडे वाचून कोणालाही वाटेल की हे जुळत नाहीत. गणित केले तर पुढचा व्यास ७२८ मिमी आणि मागचा ७२८.५. रुंदी वेगळी, घेर मात्र एकच, आणि तोही ठरवून जुळवलेला. तेव्हा टायरच्या भिंतीवर एकच आकडा असणे हा नियमाचा सोपा भाग झाला. खरा नियम चाकांच्या फेऱ्यांचा आहे.

म्हणूनच भिंतीवरचा आकडा जुळला तरी काम संपत नाही. दोन कंपन्यांचे, किंवा एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या नक्षींचे टायर एकाच मापाचे म्हणून विकले जातात, पण प्रत्यक्षात त्यांच्या व्यासात काही मिलिमीटरचा फरक निघू शकतो, कारण प्रमाणित मापालाही थोडी सूट असते. नवी नक्षी किती खोल आहे तेही प्रत्येकाचे निराळे. त्यामुळे माप, कंपनी, मॉडेल आणि झीज या चारही गोष्टी सारख्या हव्यात.

घरच्या घरी मोजमाप

यासाठी तीन वस्तू लागतात: नक्षीची खोली मोजणारा ट्रेड डेप्थ गेज, मोजपट्टी आणि खडू. गेज ही फार महाग वस्तू नाही, आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या मालकाने ती डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम ठेवावी असे माझे मत आहे.

सकाळी गाडी थंड असताना चारही टायरमध्ये चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून घ्यावी. हवा कमी असलेला टायर दबतो आणि मोजमाप फसवे येते. मग प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत गेज टेकवून खोली पाहावी. एकाच जागी मोजून थांबू नये. चाक थोडे फिरवून आणखी दोन ठिकाणी मोजावे आणि सगळे आकडे कागदावर लिहून ठेवावेत. खाचेत अधूनमधून रबराचे लहान आडवे उंचवटे दिसतात. ते १.६ मिमीची खूण दाखवतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर कायद्यानेही बाद होतो आणि पावसात तर त्याआधीच. गेज उंचवट्यावर टेकला तर आकडा चुकतो, म्हणून तो दोन उंचवट्यांच्या मधल्या खाचेतच टेकवावा.

बाहेरच्या बाजूला ५ मिमी आणि आतल्या बाजूला ३ असे आले तर आधी व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे. नवा टायर घालण्यापूर्वीच हे काम करावे, नाहीतर नवा टायरही त्याच वाटेने जाईल.

दुसरे मोजमाप खडूचे. मला त्याचा भरवसा जास्त वाटतो, कारण त्यात टायर, रिम, हवा आणि गाडीचे वजन या सगळ्यांचा एकत्र परिणाम दिसतो. सपाट, सरळ आणि बारा-तेरा मीटर लांब जागा शोधावी. इमारतीच्या पार्किंगमधली मधली वाट बहुधा पुरते. प्रत्येक टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि फरशीवर खडूने एकमेकांसमोर रेघ मारावी. गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी, एकाने स्टिअरिंग आणि ब्रेकवर बसावे, आणि दोघांनी हळूहळू सरळ ढकलत न्यावी. एकेका टायरवरची रेघ पाचव्यांदा खाली आली की त्या जागी फरशीवर दुसरी रेघ मारावी. मग प्रत्येक चाकाच्या दोन रेघांमधले अंतर मोजावे. ते साडेदहा मीटरच्या आसपास येते. एका फेऱ्यातला फरक इतका लहान असतो की डोळ्याला दिसत नाही. पाच फेऱ्यांनंतर तो पाचपट होऊन फरशीवर उमटतो.

मी स्वतः हे पहिल्यांदा केले ते एका चुकीनंतर. ताम्हिणी घाटात एका टायरची बाजू चिरली होती, आणि दुकानदाराच्या भरवशावर मी त्याच कंपनीचा एकच नवा टायर घालून घेतला. बाकीचे तिन्ही टायर ३८ हजार किलोमीटर चाललेले होते. नव्यात ८ मिमी नक्षी होती, जुन्यांत साडेचार. महिन्याभराने पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना ती कोणीतरी मागून धरल्यासारखी अडखळू लागली. खडूने मोजले तेव्हा पाच फेऱ्यांत नव्या टायरची रेघ बाकीच्यांच्या पुढे जवळपास आठ सेंटीमीटर गेलेली होती. फरशीवरच्या त्या दोन रेघांमध्ये माझा तळहात आडवा मावत होता. तो टायर मी स्टेपनीत ठेवला, आणि तेवढीच झिजलेली तशीच स्टेपनी काढून चाकावर चढवली. अडखळणे थांबले. कपलिंगचे तेल बदलले तेव्हा ते काळे पडून त्याला करपट वास येत होता.

एक बदलायचा, दोन की चार

मोजमाप हातात आले की निर्णय अवघड राहत नाही. सर्वांत वरचा अधिकार आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेचा. तिथे दिलेली मर्यादा कोणाच्याही सल्ल्यापेक्षा मोठी समजावी. सुबारूची मर्यादा प्रसिद्ध आहे: चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. नक्षीच्या भाषेत मांडले तर हा फरक जेमतेम १ मिमी झिजेइतका होतो. साधारण आठ मिलिमीटरच्या नव्या नक्षीतला एक मिलिमीटर म्हणजे टायरच्या आयुष्यातले सुरुवातीचे काही हजार किलोमीटर.

माझ्या मते नवख्याने असे धोरण ठेवावे. बाकीचे टायर जवळपास नवे असतील आणि झीज १ मिमीच्या आत असेल तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा एकच टायर बदलायला हरकत नाही. झीज त्याहून जास्त आणि २ मिमीच्या आत असेल तर पुस्तिका पाहावी, आणि पुस्तिका गप्प असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्यावे. त्याच्या पुढे गेले तर एक टायर बदलण्याचा विचारच सोडावा.

आता जोडीविषयी, कारण सर्वांत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहे. ‘एक नको, जोडी बदला’ हा सल्ला दोनच चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीसाठी अगदी बरोबर आहे. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये तो उलटा पडू शकतो. एकाच चाकाचा टायर नवा असला तर त्या ॲक्सलचा डिफरेन्शियल दोन्ही चाकांच्या गतीची सरासरी काढतो, आणि मधल्या कपलिंगपर्यंत फरकाचा अर्धाच भाग पोहोचतो. मात्र त्या ॲक्सलच्या डिफरेन्शियलमधले लहान गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात, आणि ते तशा अखंड कामासाठी बनवलेले नसतात. दोन्ही चाकांचे टायर नवे असले तर त्या डिफरेन्शियलला आराम मिळतो, पण संपूर्ण फरक कपलिंगवर येऊन पडतो. म्हणजे एकात एका भागाला त्रास आणि दुसऱ्यात दुसऱ्या भागाला. एक नवा टायर पुढे डावीकडे आणि एक मागे उजवीकडे, अशी तिरकी जोडी घालण्याची युक्तीही काही जण सांगतात. तिने कपलिंग वाचते, पण दोन्ही डिफरेन्शियलवर भार येतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताना डावी-उजवी पकड असमान होते. ती युक्ती वापरू नये.

टायर अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर चारही बदलणे हाच सरळ मार्ग. खर्च मोठा आहे, हे मी जाणतो. पण कपलिंग किंवा डिफरेन्शियल उघडण्याचा खर्च त्याच्या पुढे जातो, आणि त्यात गाडी कित्येक दिवस सर्व्हिस सेंटरला पडून राहते ते वेगळेच. टायर फार झिजलेले नसतील तर दोन मधले मार्ग आहेत. तेवढीच झीज असलेला त्याच मॉडेलचा वापरलेला टायर शोधावा, आणि घेण्यापूर्वी गेजने मोजून त्याची निर्मितीची तारीख पाहावी. भिंतीवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांनी टायर विक्रेत्याकडे शेव्हिंगची चौकशी करावी. तिथे काही विक्रेते नव्या टायरची नक्षी यंत्रावर छिलून बाकीच्या तिघांच्या खोलीला आणून देतात. नवा टायर विकत घेऊन त्याचे आयुष्य मुद्दाम कमी करणे मनाला खटकते खरे, पण तीन चांगले टायर फेकून देण्यापेक्षा ते परवडते.

रस्त्यात पंक्चर झाले तर

आधी गाडीत काय आहे ते आजच बूट उघडून पाहून घ्या. स्टेपनी पूर्ण मापाची आहे, लहान आणि अरुंद तात्पुरती आहे, की मुळात नाहीच? भारतात ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे किट असलेल्या गाड्यांना स्टेपनीशिवाय विकायला परवानगी आहे. त्यामुळे ती असेलच असे गृहीत धरू नये.

नक्षीच्या भागात खिळा घुसला असेल आणि भोक ६ मिमीपर्यंत असेल तर दुरुस्ती हाच सर्वांत चांगला उपाय, कारण जुना जुळलेला टायर जागेवर राहतो. आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात बसणारा देठ असलेले ठिगळ, लावून घ्यावा. बाजूच्या भिंतीला चीर असेल तर दुरुस्ती नाही. वेगळ्या घेराची स्टेपनी लावावीच लागली तर थारसारख्या गाडीत टू-व्हीलमध्येच चालवावे, आणि स्वयंचलित कपलिंगच्या गाडीत लॉक मोड, म्हणजे कपलिंग आवळलेलेच ठेवण्याची सोय, चुकूनही लावू नये. तात्पुरत्या स्टेपनीवर छापलेली ताशी ८० किलोमीटरची मर्यादा पाळावी आणि जवळच्या टायरच्या दुकानापर्यंतच जावे. काही गाड्यांच्या पुस्तिकेत तात्पुरती स्टेपनी कोणत्या ॲक्सलला लावायची तेही दिलेले असते. तसे असेल तर जॅक दोनदा लावावा लागला तरी चाकांची अदलाबदल करून ते पाळावे. जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंमध्ये बॉनेटखाली एक खास जागा असते. तिथे फ्यूज बसवला की मागच्या चाकांची शक्ती बंद होते आणि स्टेपनीवर घरी येताना क्लच वाचतो.

जुळलेले टायर जुळलेलेच ठेवणे

चार टायर एकाच दिवशी घातले तरी ते एकसारखे झिजत नाहीत. पुढचे लवकर झिजतात, कारण वळण आणि ब्रेकचा भार त्यांच्यावर जास्त असतो. दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायरची जागा बदलणे या गाडीत टाळू नये. स्टेपनी त्याच मापाची, त्याच रिमची आणि त्याच मॉडेलची असेल तर तिलाही या फेरबदलात घ्यावे. पाच टायर आळीपाळीने चालले की एखादा अचानक गेला तरी तेवढाच झिजलेला पाचवा तयार असतो. ताम्हिणीच्या प्रसंगात मला वाचवले ते यानेच, फक्त स्टेपनी काढायचे मला महिनाभर उशिरा सुचले. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असलेले टायर मात्र एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला न्यायचे नाहीत, त्याच बाजूला पुढचे मागे करायचे.

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्यांनी हिवाळी टायरही चारच घ्यावेत. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. ‘शक्ती चारही चाकांना आहे, मग दोनच हिवाळी टायर पुरतील’ असे म्हणून पैसे वाचवू नयेत. हिवाळ्यासाठी लहान रिमचा वेगळा संच घेणार असाल तर वरचे गणित करून त्याचा घेर मूळ टायरशी जुळवून घ्यावा, आणि दर मोसमात चाके उतरवताना प्रत्येकावर खडूने जागा लिहून ठेवावी.

बिघाडाची चिन्हे, आणि जुनी गाडी घेताना

मंद गतीने स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर गाडी अडखळणे, मागून घर्र आवाज येणे, लांबच्या प्रवासानंतर गाडीखालून करपट वास येणे, आणि पॅनेलवर ऑल-व्हील-ड्राइव्ह तापल्याचा किंवा तात्पुरते बंद झाल्याचा इशारा, ही चिन्हे एकत्र दिसू लागली तर आधी टायर मोजावेत आणि मग मेकॅनिककडे जावे. जुने झालेले तेलही असाच त्रास देते, त्यामुळे मोजमापाचा कागद सोबत नेला तर निदान लवकर होते.

वापरलेली गाडी पाहायला जाताना गेज खिशात ठेवा. चारही टायरची कंपनी, मॉडेल, डीओटी तारीख आणि खोली लिहून घ्या. तीन टायर २०२० चे आणि एक २०२३ चा निघाला तर तो केव्हा आणि कशामुळे बदलला, आणि त्यावर गाडी किती हजार किलोमीटर चालली, हे विक्रेत्याला विचारा. मग गाडी किमान अर्धा तास चालवून गरम करा, मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग आधी पूर्ण डावीकडे आणि नंतर पूर्ण उजवीकडे वळवून मंद गतीने दोन-दोन वर्तुळे घ्या, आणि काचा खाली करून ऐका. गाडी अडखळली तर कपलिंगचे आणि मागच्या डिफरेन्शियलचे तेल काढून दाखवल्याशिवाय भाव बोलू नका.